बॉनेट उघडण्याआधी आणि उघडल्यावर: गाडीच्या खर्चाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय एकच आहे, तो म्हणजे गाडीवर होणारा खर्च. कुणाचे बिल अवाच्या सवा आले आहे, कुणाची गाडी अचानक कमी अ‍ॅव्हरेज देऊ लागली आहे, तर कुणाची ऐन सकाळी सेल्फच घेत नाही. या पत्रांतील सहा निवडून त्यांना येथे उत्तरे देत आहे. यात सुचवलेल्या तपासण्यांसाठी मेकॅनिक असावे लागत नाही. जुने सुती फडके, विजेरी, हवा मोजण्याचा स्वतःचा गेज आणि गाडीबरोबर मिळालेले माहितीपुस्तक एवढे साहित्य त्यांतील बहुतेकींसाठी पुरते, आणि ते माहितीपुस्तक बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच असते, हे मला वारंवार दिसले आहे.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. माझी छोटी पेट्रोल गाडी पाच वर्षांची असून वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर चालते. या वेळच्या सर्व्हिसिंगचे बिल १४,८०० रुपये झाले. त्यात ऑईल आणि ऑईल फिल्टर, एअर फिल्टर, एसी फिल्टर, इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, अलाइनमेंट-बॅलन्सिंग आणि वायपर अशा नोंदी आहेत. यातले खरोखर आवश्यक काय होते आणि पुढच्या वेळी मी काय पाहून जावे? (सांगली)

उत्तर: आपल्या बिलातील ऑईल आणि ऑईल फिल्टर या नोंदींविषयी शंका घेऊ नये. गाडी कमी चालली तरी ऑईल जुने होतेच, किंबहुना इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होत असेल, तर पेट्रोलचा अंश आणि बाष्प ऑईलमध्ये साचत राहते. म्हणूनच माहितीपुस्तकात 'दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते' अशा प्रकारची अट असते, आणि आपल्यासारख्यांना त्यातील वर्षाची अट लागू होते.

बाकीच्या नोंदी मात्र एकेक करून तपासण्यासारख्या आहेत. इंजिन फ्लश (रसायनाने इंजिन आतून धुणे) आणि इंजेक्टर क्लीनिंग (पेट्रोल फवारणाऱ्या भागांची सफाई) या गोष्टी बहुतेक गाड्यांच्या माहितीपुस्तकातील वेळापत्रकात नसतातच. वेळच्या वेळी ऑईल बदललेल्या इंजिनाला फ्लशची गरज पडत नाही. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ करणे हे उपयोगी काम आहे, पण गाडी उभी असताना इंजिनाची रेस आपोआप वरखाली होत असेल किंवा सिग्नलला गाडी बंद पडत असेल तेव्हाच. अलाइनमेंटची, म्हणजे चाके सरळ रेषेत आणण्याची, गरज टायर स्वतःच सांगतात. सपाट, मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलके धरले असता गाडी एका बाजूला ओढत असेल, किंवा टायर आतल्या अथवा बाहेरच्या एकाच कडेला झिजला असेल, तर अलाइनमेंट अवश्य करून घ्यावे. तसे काही नसताना दर सर्व्हिसिंगला त्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

एअर फिल्टर आपण घरीच पाहू शकता. बॉनेटखालच्या काळ्या पेटीच्या क्लिपा उघडल्या की घड्यांचा कागदी फिल्टर हाती येतो. तो विजेरीसमोर धरावा. घड्यांतून उजेड दिसत असेल तर हलक्या हाताने झटकून, होता तसाच परत बसवावा. काळा पडून उजेड येईनासा झाला असेल तर बदलावा. फिल्टर तुंबला की अ‍ॅव्हरेज पडते असे सर्रास सांगितले जाते, पण इंधन इंजेक्शनच्या आजच्या पेट्रोल गाड्यांत संगणक हवेच्या मानाने पेट्रोल कमी करतो, त्यामुळे फरक पडतो तो मुख्यतः पिकअपमध्ये. एसीचा फिल्टर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या डाव्या कप्प्यामागे असतो. कप्पा दोन्ही बाजूंनी दाबून खाली उतरवला की तो दिसतो, त्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो आणि तो बदलण्याचे काम दहा मिनिटांचे आहे. फिल्टरची किंमत काही शे रुपये असते. बिलात त्यापुढे मजुरी वेगळी लावली आहे का, ते पाहावे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तोच अधिक महत्त्वाचा आहे. दर रविवारी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, सपाट जागी बॉनेट उघडून डिपस्टिक (ऑईल मोजण्याची पट्टी) बाहेर काढावी, फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मगच बाहेर काढून पाहावी. पहिल्यांदा बाहेर आलेल्या डिपस्टिकवरची खूण खरी मानू नये, कारण नळीच्या कडेला लागलेले ऑईल तिला माखलेले असते. ऑईलची रेघ दोन खुणांच्या मध्ये असावी. छोट्या गाड्यांत या दोन खुणांमधले अंतर साधारण पाऊण ते एक लिटर ऑईलचे असते, म्हणून कमी दिसताच सगळा डबा ओतू नये. वरच्या खुणेपलीकडे गेलेले ऑईलही इंजिनाला घातकच असते. ऑईल काळे दिसले म्हणून घाबरू नये, डिझेल गाडीत तर ते काही शे किलोमीटरमध्येच काळे होते. परंतु ते चहात दूध पडल्यासारखे पिवळट-तपकिरी दिसले, तर त्यात पाणी किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) मिसळत असण्याची शक्यता आहे आणि तेव्हा गाडी न चालवता मेकॅनिकला घरी बोलवावे.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीचे सर्व्हिसिंग झाल्यावर पहिल्या रविवारी ऑईल वरच्या खुणेशी होते, दुसऱ्या रविवारी करंगळीच्या पेराइतके खाली आले आणि तिसऱ्या रविवारी मधल्या भागात पोचले. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा अंथरून ठेवला, तर सकाळी त्यावर ऑईलचे नाण्याएवढे दोन डाग होते. चेंबरच्या ड्रेन बोल्टची, म्हणजे जुने ऑईल काढायच्या बोल्टची, जुनीच वॉशर पुन्हा वापरली गेली होती. ती बदलायला अगदी किरकोळ खर्च आला. ऑईल संपेपर्यंत गाडी चालली असती, तर इंजिन उघडावे लागले असते. हा पुठ्ठ्याचा उपाय आपणही करून पाहावा. स्वच्छ पाण्याचा डाग एसीचा असतो आणि तो निरुपद्रवी आहे. हिरवा, गुलाबी किंवा निळसर डाग कूलंटचा, तपकिरी-काळा ऑईलचा, आणि चाकाच्या आतल्या बाजूस पिवळट, बुळबुळीत डाग दिसला तर तो ब्रेक ऑईलचा असू शकतो. त्या शेवटच्या डागानंतर गाडी रस्त्यावर काढू नये.

पुढच्या वेळी गॅरेजमध्ये जाताना ऑईलची पातळी, किलोमीटर आणि दिसलेल्या तक्रारी वहीत लिहून न्याव्यात, जॉब कार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या यादीवर, सही करण्यापूर्वी 'यादीबाहेरचे काम फोन करून विचारल्याशिवाय करू नये' असे त्यावर लिहून घ्यावे आणि बदललेले जुने भाग परत मागावेत.

प्रश्न: माझी गाडी २०१६ची आहे. पूर्वी लिटरला अठरा किलोमीटर देणारी ही गाडी आता पंधरावर आली आहे. दोष पेट्रोलमधील इथेनॉलचा की गाडीचा? (नाशिक)

उत्तर: प्रथम पंधरा हा आकडा कसा काढला ते पाहावे, कारण डॅशबोर्डवर दिसणारे अ‍ॅव्हरेज हा गाडीचा अंदाज असतो. पंपाचे पिस्तूल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा, तीनशे-चारशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवावी आणि शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तसेच भरावे. चाललेल्या किलोमीटरना दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरनी भागावे. असे लागोपाठ तीनदा केल्यावर जो आकडा येईल तो खरा.

इथेनॉलचा वाटा नाकारता येत नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. निती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच, मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांत वीस टक्के मिश्रणामुळे इंधनक्षमता सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असे म्हटले आहे. आपल्या गाडीत ही पूर्ण घट धरली तरी अठराचे सतराच्या आसपास होतील. उरलेले दोन किलोमीटर कोठे गेले, ते गाडीतच शोधावे लागेल.

सुरुवात टायरपासून करावी. हवा किती असावी हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, ती भरायची नसते. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. गाडी चालून आल्यावर टायर तापतो आणि दाब चार-पाच पीएसआयने (हे हवेच्या दाबाचे एकक) वाढलेला दिसतो, तो पाहून हवा कमी करणे ही नेहमी होणारी चूक आहे. चारही टायरांत दहा पीएसआय कमी असेल तर इंधनाचा खर्च सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो. वर्षाला बारा हजार किलोमीटर, लिटरला सोळा किलोमीटर आणि शंभर रुपये लिटर असा हिशेब धरला तर पेट्रोलचे ७५,००० रुपये होतात आणि त्यातले १,५०० केवळ कमी हवेपायी जातात. याहून मोठे नुकसान टायरांचे होते. कमी हवेचा टायर दोन्ही कडांना झिजतो, जास्त हवेचा मध्यभागी झिजतो, आणि दोन्ही प्रकारांत तो आयुष्य संपण्याच्या कितीतरी आधी बदलावा लागतो. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते आणि ती सेवा देणे पंपाला बंधनकारक आहे. नायट्रोजनसाठी मात्र पैसे घेतात. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यामुळे नियमितपणे हवा तपासणाऱ्याने त्यावर खर्च करावा असे मला वाटत नाही.

यानंतर ब्रेक जाम आहे का ते पाहावे. दहा-बारा किलोमीटर शक्य तितके कमी ब्रेक वापरून चालवल्यावर थांबून प्रत्येक चाकाजवळ तळहात न्यावा, चाकाला लावू नये. एकच चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त तापलेले जाणवले, तर त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाही, असे समजावे. अशी गाडी सतत थोडा ब्रेक दाबून चालवल्यासारखी पेट्रोल पिते. शेवटी डिकीतले विनाकारणचे ओझे उतरवावे.

प्रश्न: आमच्याकडे उन्हाळा कडक असतो. कूलंटची टाकी दर पंधरा दिवसांनी कमी झालेली दिसते आणि मी त्यात बोअरचे पाणी भरतो. चालेल ना? (लातूर)

उत्तर: चालणार नाही, आणि यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पाण्याची. बोअरच्या पाण्यातील क्षार गरम पाण्याच्या बंबात कसे पांढरे थर धरतात ते आपण पाहिलेच असेल. तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि त्या एकेक करून बंद होत जातात. शिवाय कूलंट केवळ थंड ठेवत नाही, तो अ‍ॅल्युमिनियमचे भाग गंजण्यापासून वाचवतो आणि उकळण्याचे तापमानही वाढवतो. माहितीपुस्तकात सांगितलेल्या प्रकारचाच कूलंट घ्यावा. तयार मिश्रण नसेल तर सामान्यतः निम्मा कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर असे प्रमाण असते. हिरव्यात हिरवा मिसळला म्हणजे झाले असे नाही, कारण रंगावरून प्रकार ओळखता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. ही यंत्रणा हवाबंद असते, म्हणून पंधरा दिवसांत टाकी कमी होत असेल तर गळती आहेच. इंजिन थंड असताना रबरी पाइप जेथे क्लिपांनी बसवलेले असतात तेथे विजेरीने पाहावे. वाळलेला पांढरा किंवा गुलाबी डाग आढळला तर गळती तेथेच आहे. क्लिप आवळणे किंवा पाइप बदलणे हे स्वस्तातले काम आहे. ते टाळल्याने इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधले सील) गेले, तर खर्च काही हजारांवर थांबत नाही. तापलेल्या इंजिनाचे रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये, आतले द्रव उसळून चेहरा भाजल्याचे प्रकार घडतात. वाटेत तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू करावा, म्हणजे थोडी उष्णता आत येईल, आणि सुरक्षित जागा दिसताच थांबून इंजिन बंद करावे.

प्रश्न: मी लोकलने कामावर जाते, त्यामुळे गाडी आठवडाभर इमारतीखाली उभी असते. बॅटरी उतरू नये म्हणून सासरे रोज सकाळी पाच मिनिटे गाडी सुरू करून ठेवतात. तरीही गेल्या महिन्यात दोनदा दुसऱ्या बॅटरीने जम्प स्टार्ट करावे लागले. (ठाणे)

उत्तर: आपल्या सासऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण नेमके याच सवयीने बॅटरी उतरत असावी. सेल्फ मारताना बॅटरीतून मोठा प्रवाह जातो आणि उभ्या गाडीत पाच मिनिटांत तो जेमतेम भरून निघतो, कधी निघतही नाही. वर इंजिन थंडच राहिल्याने ऑईलही खराब होते. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, दिवे आणि एसी बंद ठेवून, अर्धा तास घोडबंदर रस्त्यासारख्या सलग रस्त्यावर गाडी फिरवून आणावी. त्यांना हे काम आवडेलही.

साधा मल्टिमीटर काही शे रुपयांना मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर बॅटरीच्या दोन टोकांवर तो लावला असता १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ आला तर निम्मी उतरलेली आहे. इंजिन सुरू असताना आकडा साधारणपणे १३.८ ते १४.५ असावा. तो बारा-साडेबाराच राहत असेल, तर दोष बॅटरीचा नसून चार्जिंगचा आहे आणि नवी बॅटरी घेऊन पैसे वाया जातील. टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा साचला असेल तर आधी काळी, म्हणजे ऋण, आणि मग तांबडी केबल सोडावी. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने टर्मिनल घासावे, पुसून कोरडे करावे, लावताना तांबडी आधी आणि काळी शेवटी लावावी व वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. हातात बांगड्या किंवा घड्याळ असेल तर ते आधी काढून ठेवावे. आणि कॅमेरा, चार्जर वगैरे काही गाडी बंद असतानाही वीज घेत राहते का, तेही पाहावे.

प्रश्न: कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटाच्या उतारावर मी गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो. मित्र म्हणतो हे धोक्याचे आहे, पण पेट्रोल तर वाचते ना? (कोल्हापूर)

उत्तर: मित्राचे म्हणणे खरे आहे, आणि पेट्रोलही वाचत नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांपासून चालत आलेली ही समजूत आहे. इंधन इंजेक्शनच्या गाडीत आपण गिअर ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि संगणक पेट्रोल जवळजवळ पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला सतत थोडे पेट्रोल द्यावे लागते. त्यातच इंजिनाचा ब्रेक सुटल्याने गाडीचा सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ब्रेक ऑईल जुने असेल तर ते आत उकळून पेडल रिकामे जाते. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे लागते. त्याची पातळी खाली आलेली दिसली तर नुसते वर भरू नये. ब्रेकचे पॅड झिजले की पातळी उतरते, तेव्हा प्रथम पॅड पाहावेत. अनेक गाड्यांत चाकाच्या फटीतून विजेरीने पॅडची जाडी दिसते. ब्रेक दाबताना बारीक किंचाळी ऐकू येत असेल तर ती पॅड संपत आल्याची सूचना असू शकते. याच वेळी पॅड बदलले तर काम पॅडच्या किमतीत भागते, लोखंडावर लोखंड घासू लागले की डिस्कही बदलावी लागते. घाट ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरावा, ही जुन्या ट्रकचालकांची शिकवण आजही योग्य आहे.

प्रश्न: २०२१च्या पुरात आमची गाडी पाण्यात गेली होती. आता नवी घेतली आहे. पावसाळ्यापूर्वी काय पाहावे? (चिपळूण)

उत्तर: जे सोसले ते पुन्हा येऊ नये, पण आलेच तर एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावी. पाणी इंजिनाच्या वरपर्यंत गेलेली गाडी पाणी ओसरल्यावर सुरू करून पाहू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सेल्फ मारताच पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशा नुकसानीला साध्या विम्यात अनेकदा भरपाई मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. बॅटरीची केबल सोडून, छायाचित्रे काढून, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी ओढूनच न्यावी.

मे महिन्यात पुढच्या काचेखालच्या जाळीतील पाने वेचून काढावीत. आंब्या-फणसाच्या सावलीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ती कुजून पाण्याची वाट बंद करतात आणि मग पाणी पायाखालच्या गालिच्यात उतरते. वायपरचे रबर ओल्या फडक्याने पुसावे, काचेवर रेघा उठत असतील तर शक्य तेथे पूर्ण वायपरऐवजी नुसते रबर बदलावे. टायरच्या खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, त्यांची जागा भिंतीवर टीडब्ल्यूआय या अक्षरांनी किंवा त्रिकोणाने दाखवलेली असते. टायर झिजून त्या उंचवट्यांशी समपातळीला आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली, की कायद्याने तो टायर संपला. कोकणातल्या पावसात मी तेवढीही वाट पाहणार नाही.

आणि स्टेपनी विसरू नये. तिची हवा वर्षानुवर्षे कुणी पाहत नाही. तीत हवा भरून घ्यावी, जॅक आणि पाना जागेवर आहेत का ते पाहावे आणि घरच्या अंगणात, गाडी जमिनीवरच असताना, प्रत्येक चाकाचा एकेक नट स्वतः सैल करून पुन्हा आवळून पाहावा. गॅरेजमध्ये ते हवेच्या गनने इतके घट्ट आवळलेले असतात, की कशेडी घाटाच्या अंधारात, भर पावसात, हाताने सुटत नाहीत. सुटले नाहीत तर त्याच गॅरेजमध्ये जाऊन ते सैल करून, हाताच्या पान्याने पुन्हा बसवून घ्यावेत.